नाकारलेला वसईकर : गोन्सालो गार्सिया

वसईतील एक कला व वाणिज्य महाविद्यालय संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने चालते. तेथे शिकणारे विद्यार्थी प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या अर्जांवर हे नाव वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. गास येथील चर्चलाही हेच नाव आहे आणि दरवर्षी फेब्रुवारीत वसईच्या किल्ल्यात त्यांचे स्मरण केले जाते. संतपदाला पोहोचलेली ही व्यक्ती स्वतः मात्र ऐन उमेदीच्या काळात एका प्रवेशासाठीच ताटकळत राहिली होती, आणि हवा होता त्या ठिकाणी तो प्रवेश तिला कधीच मिळाला नाही, याची जाणीव फार थोड्यांना असते. गोन्सालो यांच्या मरणाची कथा पुष्कळदा सांगितली जाते. त्यांच्या जगण्याची कथाही तितक्याच बारकाईने पाहण्याजोगी आहे.

आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या वसईत गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्यास तेव्हा जेमतेम वीस-बावीस वर्षे लोटली होती. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे हे मुख्य ठाणे होते. येथे जहाजे बांधली जात, आसपासच्या जंगलांतून लाकूड येई, आणि गोव्यामार्गे थेट मलाक्का-मकावपर्यंत माणसांची व मालाची ये-जा चाले. अशा बंदरात दोन वंशांच्या संबंधांतून जन्मलेली मुले नवलाची नव्हती. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई याच भूमीतली, असे चरित्रकार सांगतात. अशा घरातील मुलाच्या कानांवर लहानपणापासून एकाहून अधिक भाषा पडत असणार, हे उघड आहे. किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले आणि सेबास्तियांव गोन्साल्वीस या धर्मगुरूंचा त्यांच्यावर विशेष लोभ जडला.

याच धर्मगुरूंसमवेत वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी गोन्सालो जपानला गेले. शिडाच्या जहाजाने वसईहून जपान गाठणे म्हणजे वाऱ्यांची वाट पाहत महिनोन्‌महिने बंदराबंदरांत काढणे होय. या मुलाने प्रवासात आणि त्यानंतर जे कमावले ते मात्र आयुष्यभर पुरले. त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली. जपानीत समोरच्या माणसाच्या पदाप्रमाणे क्रियापदाचे रूप आणि शब्दही बदलतात. सरदाराशी बोलायची भाषा वेगळी, शेतकऱ्याशी बोलायची वेगळी. अनेक विद्वान युरोपीय पाद्री या भाषेपुढे हतबल होत असताना वसईचा हा तरुण लोकांत सहज मिसळून बोलू लागला. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून जेझुइटांची सेवा केली. त्या संघात रीतसर प्रवेश मिळावा, हीच त्यांची एकमेव इच्छा होती.

ती इच्छा वारंवार नाकारली गेली. गोन्सालो यांच्या गुणांत वा आचरणात काही उणे होते म्हणून असे घडले, असे चरित्रकार म्हणत नाहीत. आडवा आला तो जन्म. भारतात जन्मलेल्यांना, मग ते पूर्णतः भारतीय असोत वा मिश्र वंशाचे, संघात घेऊ नये, हे मत त्या काळी बळावत चालले होते. पूर्वेकडील कार्याची पाहणी करण्यासाठी नेमलेले वरिष्ठ अधिकारी आलेस्सांद्रो वालिन्यानो हे या मताचे मोठे पुरस्कर्ते होते. विशेष असे की, १५७९ मध्ये जपानला पोहोचल्यावर याच वालिन्यानोंनी जपानी तरुणांना संघात घ्यावे, त्यांच्यासाठी विद्यालये काढावीत, असा आग्रह धरला. म्हणजे जपानी माणसासाठी जे दार उघडले जात होते, तेच दार उत्तम जपानी बोलणाऱ्या वसईकराला बंद राहिले. वंशांची प्रतवारी ठरवणारी दृष्टी किती मनमानी असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

निराश झालेले गोन्सालो व्यापाराकडे वळले. त्या काळी पूर्व समुद्रातील व्यापाराची घडण मोठी चमत्कारिक होती. चीनच्या मिंग बादशाहीने जपानशी थेट व्यापारास बंदी केली होती. जपानला चिनी रेशीम हवे होते, चीनला जपानी चांदी हवी होती, आणि ही देवघेव मकावहून नागासाकीला येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांमार्फत होई. नागासाकीचे बंदर या जहाजांना १५७१ पासून खुले झाले होते. स्पॅनिशांचे मनिला शहरही त्याच वर्षी उभे राहिले आणि मेक्सिकोची चांदी तेथे उतरू लागली. जेथे खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांशी बोलू शकत नाहीत, तेथे दोघांची भाषा जाणणाऱ्यालाच नफा मिळतो. गोन्सालो यांच्याकडे भांडवल फारसे नसेल, पण भाषा होती, ओळखी होत्या आणि विश्वास होता. त्यांचा जम लवकरच बसला. धर्मसंघाने जी विचारणा केली ती बाजाराने केली नाही. त्यांची आई कोण, हा प्रश्न रेशमाच्या गाठोड्यांपुढे गैरलागू होता.

येथे एखादे यशाचे चरित्र संपले असते. वसईचा एक उपेक्षित मुलगा परदेशी जाऊन सुखवस्तू व्यापारी झाला, यात कमी काहीच नव्हते. तथापि गोन्सालो यांना बाजाराने दिलेली मान्यता पुरेशी वाटली नाही. आपल्याला जे हवे होते ते पैशाने भरून येणारे नाही, हे त्यांनी ओळखले असावे. व्यापारानिमित्त मनिलाशी संबंध आला, तेथील फ्रान्सिस्कन संन्याशांचा परिचय झाला, आणि सारा धंदा सोडून ते त्या संघात दाखल झाले. त्यांना मिळालेले स्थान मात्र धर्मगुरूचे नव्हते. संघात बंधू म्हणून राहायचे, सेवेची कामे करायची, पण वेदीवर उभे राहून उपासना चालवायची नाही, असे हे स्थान. हा प्रवेश पूर्ण म्हणावा की अर्धा, हा प्रश्न वाचकाला पडेल. गोन्सालो यांनी मात्र तो स्वीकारला आणि अखेरपर्यंत बंधू म्हणूनच राहिले.

त्यांच्या विद्येचे खरे मोल १५९३ साली दिसून आले. जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याने त्याआधी फिलिपाइन्सच्या स्पॅनिश सत्तेने आपल्यापुढे नमावे, अशी मागणी केली होती. मनिलाच्या गव्हर्नराने पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ पाठवले. त्यात दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो होते. कोरियावरील स्वारीत गुंतलेला आणि रागाला कधी चढेल याचा नेम नसलेला हा सत्ताधीश एका बाजूला, स्पेनच्या राजाचे प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांमधील प्रत्येक शब्द वसईच्या एका माणसाच्या तोंडून जाणारा, असे ते दृश्य होते. शब्द चुकला तर युद्ध ओढवावे, अशी ती वेळ होती. शिष्टमंडळाला राहण्याची अनुमती मिळाली. क्योतोमध्ये त्यांनी मठ आणि चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली. परक्या भाषेतील रुग्णाची वेदना समजून घेण्याचे कामही दुभाष्याचेच असते.

परंतु या कार्याखालची जमीन भुसभुशीत होती. धर्मप्रसारकांनी देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता, त्याची अंमलबजावणी तेवढी ढिली होती. पोपच्या १५८५ च्या आदेशाने जपानचे कार्यक्षेत्र केवळ जेझुइटांना दिलेले असल्याने त्यांचा फ्रान्सिस्कनांच्या येण्यालाच विरोध होता. १५८० पासून पोर्तुगाल आणि स्पेन यांचा राजा एकच असला तरी मकाव आणि मनिला यांचे व्यापारी हितसंबंध परस्परांविरुद्ध होते. अशात ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने माल जप्त केला. धर्मप्रसारकांच्या मागोमाग स्पॅनिश सैन्य येते, असा संशय बळावला आणि फ्रान्सिस्कनांना अटक झाली.

क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकून मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी श्रद्धाळू होते. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. ज्या संघाने त्यांना नाकारले होते, त्याच संघाने स्वीकारलेला पाउलो मिकी हा जपानी तरुण याच टेकडीवर दुसऱ्या क्रूसावर होता. दोघांत जो भेद करण्यात आला होता, तो भाल्यांनी मानला नाही.

चर्चने १६२७ मध्ये या सव्वीस जणांना धन्य घोषित केले आणि १८६२ मध्ये संतपद दिले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीस हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. मधल्या काळात १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले, आणि गोन्सालो ज्या परिसरात शिकले तेथील चर्चच्या भिंती हळूहळू उघड्या पडल्या. निशिझाका टेकडीवर १९६२ पासून सव्वीस जणांचे स्मारक उभे आहे.

गोन्सालो यांनी आपल्याला अडवणाऱ्यांशी भांडण मांडल्याचे दिसत नाही. त्यांनी दुसरे दार शोधले आणि तेथवर पोहोचण्यासाठी जवळ असलेली एकच शिदोरी वापरली. ती शिदोरी म्हणजे बहुभाषी बंदरात वाढलेल्या कानाने कमावलेली भाषा. ज्या मिश्र जन्मामुळे ते नाकारले गेले, त्याच जन्माच्या परिसराने त्यांना ही शक्ती दिली होती. तथापि दुसरे दार प्रत्येकालाच सापडते असे नाही, आणि म्हणून या चरित्रातून केवळ जिद्दीचा धडा घेणे अपुरे ठरेल. जेझुइट संघाने आठ वर्षे तावून-सुलाखून घेतलेला एक कुशल दुभाषी गमावला, तो केवळ त्याच्या जन्माकडे पाहिल्यामुळे. गोन्सालो यांचे नाव अर्जावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांच्या चिकाटीचे स्मरण अवश्य करावे. तो अर्ज तपासणाऱ्याने त्यांना नाकारणाऱ्यांचे स्मरण ठेवावे.