वेतन नाकारणारे प्राध्यापक : आचार्य जगदीशचंद्र बोस

आचार्य जगदीशचंद्र बोस म्हटले की वनस्पतींच्या संवेदना आणि क्रेस्कोग्राफ एवढेच बहुतेकांना आठवते. अध्यापकी जीवनाच्या आरंभी त्यांनी दिलेला वेतनाचा लढा त्या मानाने उपेक्षित राहिला आहे.

केंब्रिज व लंडन येथील पदव्या संपादून स्वदेशी परतताना त्यांच्याजवळ हेन्री फॉसेट यांचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या नावे लिहिलेले पत्र होते. त्या बळावर 1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकपदी त्यांची नेमणूक झाली. विज्ञान शिकविणे हिंदी माणसाचे काम नव्हे, असा शिक्षणखात्याचा ग्रह होता. हिंदी प्राध्यापकास युरोपीयाच्या दोनतृतीयांश वेतन मिळे. नेमणूक हंगामी म्हणून त्याचेही निम्मे, म्हणजे अवघा एकतृतीयांश!

जगदीशचंद्रांनी राजीनामा दिला नाही, की वर्गावर जाणे थांबविले नाही. ते नेमाने शिकवीत राहिले. वेतन मात्र तीन वर्षे स्वीकारले नाही. वडील भगवानचंद्र कर्जात बुडालेले असताना हा निग्रह किती कठीण होता, हे संसार करणाऱ्यास सांगावयास नको. 1887 मध्ये अबलादेवींशी विवाह झाल्यावर हे दांपत्य काही काळ चंद्रनगरला राहिले. कॉलेजात जाण्यासाठी नावेने हुगळी ओलांडावी लागे. अखेर प्राचार्य टॉनी व शिक्षणसंचालक क्रॉफ्ट यांनाच त्यांच्या अध्यापनाची योग्यता पटली. नेमणूक कायम झाली आणि तीन वर्षांचे पूर्ण वेतन एकदम हाती आले. ते वडिलांचे कर्ज फेडण्यात गेले.

संशोधनासाठी सोयी मिळविणे याहून दुष्कर ठरले. येथे निग्रहापेक्षा कीर्ती उपयोगी पडली. 1895 मध्ये विद्युत्-लहरींचे प्रयोग त्यांनी कलकत्त्यात जाहीरपणे करून दाखविले. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. त्यानंतर लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने प्रेसिडेन्सी कॉलेजात सुसज्ज प्रयोगशाळा व्हावी म्हणून भारतमंत्र्यांकडे शब्द टाकला. सरकारी यंत्रणा तरीही सावकाशच हलली. मधल्या काळात रवींद्रनाथांच्या मध्यस्थीने त्रिपुराचे महाराज राधाकिशोर माणिक्य यांचे अर्थसाहाय्य मिळाले. भगिनी निवेदितांनी त्यांच्या ग्रंथांच्या लेखनाला हातभार लावला. असा मित्रपरिवार जोडणे हाही त्यांच्या कर्तृत्वाचाच भाग मानला पाहिजे.

1915 मध्ये ते निवृत्त झाले. 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूटची स्थापना केली. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.