विसात एकाचा हिशेब मांडणारे फिशर

सर रोनाल्ड फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडन येथे झाला. अधू दृष्टीमुळे पहिल्या महायुद्धात सैन्याने त्यांना नाकारले. १९१९ मध्ये ते रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. खतांच्या प्रयोगांच्या पाऊणशे वर्षांच्या नोंदी तेथे साचल्या होत्या.

खत घातलेल्या वाफ्यात पीक अधिक आले, ते खतामुळे की योगायोगाने? खताचा परिणाम शून्य आहे असे आधी धरावे आणि तसे असताना, दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता काढावी, ही फिशर यांची रीत. हेच पी-मूल्य. खत पीक वाढवील तसे जाळीलही, म्हणून फरक दोन्ही बाजूंना मोजायचा. १९२५ च्या ग्रंथात त्यांनी विसात एक, म्हणजे ५ टक्के, ही मर्यादा सोयीची म्हणून सुचविली. सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या १.९६ पट दूर गेले की अडीच टक्के या टोकाला उरतात, अडीच त्या टोकाला. निकाल पाहून मग एकच टोक मोजले, तर पी-मूल्य आयतेच निम्मे होते!

सोयीच्या मर्यादेचा कायदा केला तो इतरांनी. सर्व प्रसंगी एकच मर्यादा लावणे १९५६ मध्ये खुद्द फिशर यांनीच अमान्य केले.

धूम्रपानाने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे मात्र पाइप ओढणाऱ्या या पंडिताने मान्य केले नाही. तंबाखू उत्पादकांचे ते सल्लागारही होते. २९ जुलै १९६२ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे त्यांचे निधन झाले.