उन्हाची काळी बाजू दाखवणारे डॉ. रोफो

सूर्यप्रकाश हे औषध आहे, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकाची श्रद्धा होती. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारांसाठी १९०३चे नोबेल मिळाले होते. पुढे विसाच्या दशकात तर युरोप-अमेरिकेतील सुखवस्तू मंडळींत अंग रापवून घेण्याची हौसच सुरू झाली. नेमक्या त्याच काळात अर्जेंटिनातील एक डॉक्टर पांढरे उंदीर उन्हात ठेवून त्यांच्या कातडीकडे लक्ष देत बसला होता. त्याचे नाव आन्हेल रोफो.

१८८२ साली ब्यूनोस आयर्समध्ये जन्मलेल्या रोफो यांनी तरुणपणीच कर्करोग हा अभ्यासविषय ठरवला. १९२२ मध्ये त्या शहरात कर्करोगाचे संशोधन व उपचार करणारी संस्था सुरू झाली. तिची धुरा त्यांच्याकडेच होती. पत्नी हेलेना या कामात बरोबरीने उभ्या राहिल्या; परंतु १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या परिचारिका विद्यालयाला त्यांचेच नाव आहे.

उन्हाविषयीचा संशय मात्र जुना होता. जर्मनीच्या उना यांनी १८९४ मध्येच खलाशांच्या त्वचेवरील विकारांची नोंद केली होती. लंडनमध्ये फिंडले यांनी १९२८ साली पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील किरणांनी छोट्या उंदरांमध्ये त्वचेच्या गाठी निर्माण करून दाखवल्या. पण दिवा वेगळा आणि रोजचे ऊन वेगळे. रोफो यांनी थेट सूर्यच प्रयोगशाळेत आणला म्हणायचा! महिनोन्‌महिने उन्हात राहिलेल्या उंदरांना अखेर कर्करोगाच्या गाठी झाल्या. त्याही जिथे केस विरळ तिथे, म्हणजे प्रामुख्याने कानांवर आणि डोळ्यांभोवती. दाट केसांखालची त्वचा बचावली होती.

या साऱ्यातला सर्वात सुंदर भाग अगदी साधा आहे. काही उंदरांवर येणारे ऊन त्यांनी खिडकीच्या काचेतून येऊ दिले. उजेड होता, ऊबही होती. गाठी मात्र आल्या नाहीत. साधी काच अतिनील किरणांचा आखूड लहरींचा भाग अडवते. दोष उष्णतेचा वा दिसणाऱ्या प्रकाशाचा नव्हता, हे त्यातून उघड झाले. १९३४ मध्ये हे निष्कर्ष फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कारण सांगताना मात्र रोफो चुकले. उन्हात त्वचेत कोलेस्टेरॉल साचते व त्याचेच घातक द्रव्य बनते, असे ते मानत. हे किरण पेशींतील डीएनएचे दुवे चुकीचे जोडतात आणि दुरुस्तीत राहिलेल्या चुका साठत जातात, हे कळायला आणखी काही दशके जावी लागली. स्पष्टीकरण कोसळले, तरी उंदीर आणि काच यांची साक्ष टिकून राहिली.

त्याच दशकात त्यांनी सशांच्या कानांना तंबाखूचे डांबर लावून कर्करोग घडवला व निकोटीनऐवजी डांबराकडे बोट दाखवले. धूम्रपानाविषयी डॉल आणि हिल यांचा ब्रिटिश अभ्यास आला १९५० मध्ये. तो पाहायला रोफो नव्हते. १९४७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. सूर्यकिरणांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवासाठी निश्चित कर्करोगकारक ठरवले ते १९९२ साली. कातडी रापवणारी अतिनील यंत्रे २००९ मध्ये त्याच वर्गात गेली. ब्यूनोस आयर्समधील ती संस्था आज रोफो यांच्या नावाने ओळखली जाते.