विजयालक्ष्मी पंडित : परक्या राजधान्यांतून दिसलेला भारत

दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीसंबंधीचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत केला. ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनीही विरोधात मतदान केले होते. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता. त्याच्या शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या श्रीमती विजयालक्ष्मी पंडित.

मोतीलाल नेहरूंच्या या कन्येचा जन्म १८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबाद येथे झाला. १९२१ मध्ये त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला. काठेवाडात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील हे बॅरिस्टर संस्कृतचे जाणकार होते. ‘राजतरंगिणी’चा त्यांनी इंग्रजी अनुवाद केला. तुरुंगवासाने प्रकृती ढासळून १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९४७ मध्ये श्रीमती पंडित सोव्हिएत संघातील भारताच्या पहिल्या राजदूत झाल्या. भारताचे स्वातंत्र्य नाममात्र असून तो ब्रिटनच्याच छायेत आहे, अशी मॉस्कोची धारणा होती. त्यांच्या संपूर्ण कार्यकाळात स्टालिन यांनी त्यांना भेट दिली नाही. १९४९ मध्ये त्या वॉशिंग्टनला गेल्या, तर तेथे हाच देश कम्युनिस्टांकडे झुकलेला मानला जाऊ लागला. नव्या चीनला भारताने दिलेली मान्यता अमेरिकी काँग्रेसमधील अनेकांना खटकली होती. १९५० च्या अखेरीस भारताने २० लाख टन गहू मागितला. धान्याच्या त्या मागणीवरील चर्चेतही परराष्ट्र धोरणाचा हिशेब मांडला गेला आणि १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर होण्यास जून १९५१ उजाडला. दोन्ही राजधान्यांपुढे भारताचे धोरण मात्र एकच होते.

कोरियाविषयक परिषदेत भारताला स्थान देण्यास अमेरिकेने ऑगस्ट १९५३ मध्ये विरोध केला. पुढच्याच महिन्यात श्रीमती पंडित आमसभेच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

१९५४ ते १९६१ या काळात त्या लंडनमध्ये उच्चायुक्त होत्या. १९५६ मध्ये सुएझवरील हल्ल्याचा भारताने तत्काळ निषेध केला. हंगेरीतील सोव्हिएत कारवाईबाबत मात्र त्याचा स्वर सौम्य राहिला. हा भेद पाश्चात्त्य देशांनी नेमका हेरला, आणि ती टीका सर्वस्वी अनाठायी नव्हती.

चीनने युद्धबंदी जाहीर केल्यानंतर आठवड्याभरातच, २८ नोव्हेंबर १९६२ रोजी, त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. १९६४ मध्ये फूलपूरमधून त्या लोकसभेवर निवडून गेल्या. १९७७ मध्ये त्यांनी भाची इंदिरा गांधी यांच्याविरुद्ध प्रचार केला. १ डिसेंबर १९९० रोजी डेहराडून येथे त्यांचे निधन झाले.