खंडित शिक्षणाची सांगता : डॉ. रखमाबाई

विद्येला वयाचे बंधन नसते, हे आपण समारंभप्रसंगी आवर्जून सांगतो. परंतु लेकीसुनेचे शिक्षण एकदा खुंटले की ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून झटणारी घरे थोडीच आढळतात. अशा वेळी डॉ. रखमाबाईंच्या चरित्राचे स्मरण होते. न्यायालयातील त्यांचा लढा सर्वश्रुत आहे. पण अकराव्या वर्षी सुटलेली विद्या त्यांनी पंचविशीच्या सुमारास पुन्हा कशी हाती घेतली, ही त्याच चरित्राची दुसरी बाजू तितकीशी सांगितली जात नाही.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार ज्ञातीत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकरच निवर्तले आणि आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांच्या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास आडकाठी नव्हती. पुढे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. डॉक्टर हे मोठे विद्याव्यासंगी गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि १८८३ मध्ये मुंबईत निसर्ग-इतिहास मंडळ स्थापन करणाऱ्या मोजक्या मंडळींत त्यांचाही समावेश होता. अशा घरात मुलीला ज्ञानाची गोडी लागली, यात नवल ते काय!

तथापि रूढीची पकड सुशिक्षित घरावरही होतीच. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह डॉक्टरांच्या नात्यातील दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाला, आणि शाळा सुटली. जावयाने सासरी राहून शिकावे, असे ठरले होते. पण त्याचे अभ्यासात चित्त रमले नाही आणि तो मामाच्या घरी जाऊन राहिला. इकडे रखमाबाई मात्र शाळेवाचून शिकत राहिल्या. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच वाचीत. आईसमवेत प्रार्थनासमाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जात. पुढील सारे यश या मूक वर्षांच्या अभ्यासावर उभे राहिले, हे विसरता कामा नये.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीवर हक्क सांगितला. आपल्या संमतीवाचून, अजाण वयात झालेल्या विवाहासाठी नांदावयास जाण्याचे रखमाबाईंनी नाकारले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, आणि त्याच वर्षी डॉ. सखाराम अर्जुन यांचे छत्र हरपले. पुढे अपिलात पहिला निर्णय फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. स्त्रीला इंग्रजी शिकविल्याचे हे फळ, अशी टीका सर्वत्र झाली. लोकमान्य टिळकांचा केसरीही त्यांच्या विरोधात होता. म्हणजे वाद केवळ एका विवाहाचा नव्हता. शिकलेल्या स्त्रीचे पुढे काय होते, याची ती जाहीर परीक्षाच होती. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक हिंदू स्त्री या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांत रखमाबाईंनी बालविवाहामुळे शिक्षण तुटल्याचे दुःख आवर्जून मांडले आहे. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

आता त्या मोकळ्या झाल्या होत्या. वय चोविशीच्या घरात. बरोबरीच्या स्त्रिया केव्हाच लेकुरवाळ्या झालेल्या. मागे वळून निवांत बसावे, असे कोणीही सुचविले असते. परंतु मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची यांनी वैद्यकीय शिक्षणाची वाट दाखविली, आणि इंग्लंडमधील ईव्हा व वॉल्टर मॅकलॅरन यांसारख्या हितचिंतकांनी साहाय्य केले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची दारे बंद होती, म्हणूनच १८७४ मध्ये हे विद्यालय निघाले होते. परका देश, परकी भाषा, आणि ज्या वयात संसाराचा हिशेब मांडावयाचा त्या वयात पुन्हा पाटीवरचे पहिले अक्षर! शरीररचनेपासून प्रसूतिशास्त्रापर्यंतचा अभ्यास त्यांनी पाच वर्षे चिकाटीने केला. १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची परवाना-परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. ब्रुसेल्स येथील एम. डी. ही पदवीही त्यांनी मिळविली.

मायदेशी परतून १८९५ पासून त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा वाहिली आणि १९१८ नंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयात सेवा केली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊन आल्या, पण दुसऱ्याच वर्षी कालवश झाल्या. सेवेची संधी त्यांना लाभली नाही. रखमाबाईंना मात्र तीन तपांच्या आसपास रुग्णसेवा घडली. पुरुष डॉक्टरपुढे येण्यास संकोचणाऱ्या असंख्य मायभगिनींना त्यांचा आधार होता. निवृत्तीनंतर त्या मुंबईस राहिल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी निधन पावल्या.

मधली चौदा वर्षे वाया गेली, असे मानून रखमाबाई बसल्या असत्या, तर सुरत-राजकोटच्या त्या हजारो रुग्णांचे काय झाले असते? आज वाट पुष्कळच सुगम झाली आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांतून घर सांभाळून पदवी घेता येते. उणीव आहे ती घरच्या मंडळींच्या आग्रहाची. विवाहामुळे, बाळंतपणामुळे वा वडीलधाऱ्यांच्या आजारपणामुळे ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर राहिले, अशा भगिनी आपल्या प्रत्येक घरात असतील. मुलांच्या प्रवेशासाठी आपण जितकी धावपळ करतो, त्याच्या निम्मी तरी त्यांच्यासाठी करावी. विद्यार्थिसाहाय्याचा विचार करतानाही त्यांचे वय आड येऊ देऊ नये. त्यांच्या हाती पुन्हा पुस्तक देणे, हेच रखमाबाईंचे खरे स्मारक ठरेल.