कलादगीत जन्मलेला ऑलिम्पिकवीर : वजन सारखं उचललं, पण निकाल गेला ‘शैली’वर

बेळगावहून बागलकोटला जाताना लोकापूर सोडलं की घटप्रभेकाठी कलादगी लागतं. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या याच गावात ९ जून १८७४ रोजी लॉन्सेस्टन इलियट यांचा जन्म झाला. पुढे ते ब्रिटनचे पहिले ऑलिम्पिक विजेते ठरले. आपल्या भागात मात्र हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

वडील ब्रिटिश सरकारच्या सेवेत होते. १८८७ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतलं. तिथे धिप्पाड अंगाच्या लॉन्सेस्टनला प्रसिद्ध बलवान युजीन सँडो यांनी हाताखाली घेतलं.

१८९६ च्या एप्रिलमध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक भरलं. वजनी गट नव्हते, सगळे एकाच रांगेत. दोन्ही हातांच्या प्रकारात इलियट आणि डेन्मार्कचे व्हिगो येन्सन या दोघांनीही १११.५ किलो उचलले. आता पहिला कोण? बरोबरी झाली तर काय करायचं, याचा सर्वांना मान्य असा नियमच नव्हता. पंच होते ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज. येन्सन यांनी वजन जास्त सफाईनं उचललं, इलियट यांचा पाय हलला, म्हणून पहिला क्रमांक येन्सन यांचा, असं त्यांनी ठरवलं. ब्रिटिशांनी हरकत घेतली. दोघांना पुन्हा संधी मिळाली, पण कुणालाच जास्त वजन उचलता आलं नाही. निकाल कायम राहिला.

त्या जादा प्रयत्नांत येन्सन यांचा खांदा दुखावला. नंतर एका हाताच्या प्रकारात इलियट यांनी ७१ किलो उचलले, तर येन्सन ५७ वर थांबले. इथे शैलीचा प्रश्नच उरला नाही. तेव्हा पहिल्या क्रमांकाला सुवर्ण नव्हे, रौप्यपदक मिळायचं. तेच इलियट यांना मिळालं.

त्याच ऑलिम्पिकमध्ये ते धावले, दोरीवर चढले, कुस्तीही खेळले. १९०० मध्ये पॅरिसला थाळीफेकीत उतरले. पुढे रंगमंचावर ताकदीचे खेळ करून पोट भरलं, आणि १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. ८ ऑगस्ट १९३० रोजी मेलबर्नमध्ये त्यांचं निधन झालं.

अथेन्सचा प्रश्न मात्र या खेळाची पाठ सोडेना. बरोबरी झाली तर कमी वजनाचा खेळाडू पुढे, हा नियम अनेक दशकं चालला. आता ज्यानं ते वजन आधी उचललं तो पुढे. ‘प्रेस’ या प्रकारात खेळाडू पाठ किती वाकवतो यावर पंचांचं एकमत होईना, तेव्हा १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर तो प्रकारच बंद झाला. आज तीन पंच पांढरा किंवा लाल दिवा लावतात आणि दोघांचं मत चालतं. तरीही कोपर जरा वाकलं की नाही, यावर वाद होतोच. लोखंडाचं वजन काट्यावर कळतं, पण ते नीट उचललं का, हे अजून माणसाच्या डोळ्यालाच ठरवावं लागतं.