विश्लेषण : हृदयात फुगा नेणारे ग्रुंट्झिग आणि जांघेतील छिद्र

छाती न उघडता हृदयाची धमनी मोकळी करता येते, हे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये दाखवून दिले. पण त्यासाठी जांघेतील धमनीला पाडलेले छिद्र बुजवायचे कसे? तेव्हा उत्तर एकच होते, दाबून धरा.

ग्रुंट्झिग कोण होते?

जन्म १९३९ चा, जर्मनीतील ड्रेस्डेनचा. वडील महायुद्धातून परतले नाहीत. शाळा पूर्व जर्मनीत, वैद्यकीय शिक्षण पश्चिमेत हायडेलबर्गला. १९६९ मध्ये ते झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात आले. अमेरिकेतील चार्ल्स डॉटर १९६४ पासून पायाच्या धमन्या एकाहून एक जाड नळ्या घालून रुंद करत. म्हणजे नळी जेवढी जाड, तेवढे छिद्र मोठे. ग्रुंट्झिग यांना बारीक नळी आणि टोकाला फुगा हवा होता. तोही ठरावीक आकारापलीकडे न फुगणारा, नाहीतर धमनीच फाटायची. सहायक मारिया श्लुम्फ आणि पत्नीसह त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर पीव्हीसीचे फुगे बनवले. १९७४ मध्ये पायाची धमनी उघडली. तीन वर्षांनी ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाची. ती दहा वर्षांनंतरही मोकळीच होती.

छिद्राचे काय?

सुई, तार आणि तारेवरून नळी ही वाट स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये दिली होती. नळी काढल्यावर कुणीतरी जांघ पंधरा-वीस मिनिटे दाबून धरायची, मग रुग्णाने कित्येक तास पाय न हलवता पडून राहायचे. रक्त पातळ करणारे औषध दिलेले असते, त्यामुळे धोका खराच. जांघेतून झिरपणारे रक्त पोटामागे साठले, तर वरून दिसतही नाही.

ग्रुंट्झिग १९८० मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी स्वतः चालवत असलेले विमान कोसळून ते आणि त्यांची दुसरी पत्नी ठार झाले. वय अवघे ४६.

पुढे काय झाले?

स्टेंट आले. सुरुवातीला त्यासोबत रक्त पातळ करणारी औषधे भरपूर दिली जात आणि जांघेतील रक्तस्राव वाढला. नव्वदच्या दशकात छिद्र बुजवणारी साधने आली. काहींत विरघळणारा कोलॅजेनचा बोळा धमनीबाहेर बसतो, काहींत नळीच्या वाटेनेच टाका घातला जातो. १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये फर्डिनांड किमेनाइ यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी केली. तिथली धमनी हाडालगत असते, पट्टा आवळला की पुरते. मात्र हृदयाची झडप नळीतून बसवायची तर वाट बहुधा जांघेचीच. छिद्र बरेच मोठे, म्हणून टाक्याचे साधन आधीच लावून ठेवतात.